अर्धी राख, अर्धी माती

मी उसाची एक पात बोलते आहे. माझे एक टोक जळून काळे झाले आहे आणि दुसरे कुजून मातीत मिसळले आहे. मधला वीतभर भाग अजून उरला आहे. त्यातून मी बोलते. तोही दिवसेंदिवस आखूड होत आहे. तेव्हा जे सांगायचे ते लवकर सांगून टाकले पाहिजे.

स्वस्थ राहणे माझ्या जातीला ठाऊक नाही. हिरवी होते तेव्हा वारा मला स्थिर होऊ देत नसे. वाळल्यावर तर उंदराच्या पावलानेही मी सळसळत असे. आता भिजून जड झाले आहे, आवाज फुटत नाही. पण जिवाची घालमेल थांबलेली नाही.

माझा जन्म बांधालगतच्या सरीत झाला. उन्हातून गोडी तयार करायची आणि ती कांड्यात भरायची, हे मला नेमून दिलेले काम. ते मी केले. माझ्या कडेला बारीक दाते होते. खुरपायला आत शिरणाऱ्याचे हात मी ओरबाडत असे, म्हणून मला कोणी प्रेमाने कुरवाळल्याचे आठवत नाही. वर नवी पाने आली तशी मी पिवळी पडले, वाळले आणि कांड्याला बिलगून लोंबत राहिले.

खालच्या पानांनी वाळावे व वरच्यांनी हिरवे व्हावे, असे ज्याने ठरवले, त्याने वाळलेल्या पानाची जागाही ठरवून ठेवली आहे. ते आपल्याच मुळाशी पडते. माणूस आड आला नाही, तर ही व्यवस्था कधी चुकत नाही.

रान मूळचे एकच होते. वडील गेल्यावर आईने मध्ये बांध घातला. वरचा भाग थोरल्या मुलाचा, खालचा धाकट्याचा. धाकटा ट्रक चालवी आणि महिना महिना घरी नसे, म्हणून त्याचाही भाग थोरलाच कसत आला होता. त्या वर्षी ऊस तोडणीला आला, तेव्हा धाकट्याच्या बायकोने तो भाग स्वतः कसायला मागितला. घरात तिला सगळे ‘धाकटी’ म्हणत.

थोरल्याने नाही म्हटले नाही. बांधावर उभा राहून, आईच्या देखत तो म्हणाला, "एक खोडवा तुझ्या हातानं काढून दाखव. उगवण चांगली झाली तर वाटा तुझा. पहिल्या खुरपणीला रान विरळ दिसलं, तर मुकाट्यानं परत माझ्याकडं. पुन्हा मागायचं नाही."

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारे दुसरे पीक.

"चालेल," धाकटी म्हणाली.

आईने दोघांकडे पाहिले आणि मान हलवली. तिचा शब्द नेहमीच थोडा असे. रोज सकाळी ती रानाच्या कडेला येऊन हात जोडी आणि म्हणे, "सगळ्यांचं भलं कर, ओल राहू दे." त्याहून मोठी प्रार्थना मी तिच्या तोंडून ऐकली नाही.

तोडणीवाले आले. त्यांनी ऊस गाडीत घातला, शेंड्याचे हिरवे वाढे गुरांना नेले आणि आम्हाला जमिनीवर टाकले. पाहता पाहता गुडघाभर थर झाला. त्या दिवसापासून आमचे नाव बदलले. पात होते, पाचट झाले. नाव बदलले की माणसाची नजरही बदलते. काल जी गोडी भरत होती, ती आज अडगळ ठरली.

थोरला टापटिपीचा माणूस. त्याच्या अंगणात कधी काडी दिसली नाही, आणि त्याचा बांध दोरी लावून घातल्यासारखा सरळ. शेजारी थट्टेने त्याला ‘झाडूवाले दादा’ म्हणत. हा आधी मातीला झाडू मारील, मग नांगर धरील, असे हसत. पाचट त्याच्या डोळ्यांत खुपे. "रान कसं, धुतल्यासारखं दिसलं पाहिजे," हे त्याचे आवडते वाक्य. त्याआधी ते त्याच्या वडिलांचे होते. तो दुष्ट नव्हता आणि आळशी तर मुळीच नव्हता. वडिलांनी केले ते बरोबर, इतकेच त्याला ठाऊक होते. त्यापलीकडे विचार करण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

तोडणी संपताच तो म्हणाला, "धाकटे, वारा पडला की दोन्हीकडं एकदमच पेटवू. माणसंही एकदाच लागतील."

"माझ्याकडं नको, भाऊजी."

"का?"

"मी पाचट ठेवणार आहे. माहेरी आम्ही जाळत नाही. रानातच ठेवतो, पाणी देतो, ते कुजतं."

थोरल्याची बायको कपडे वाळत घालायला बांधाजवळच्या तारेशी आली होती. ती हसून म्हणाली, "माहेरी तुमच्या विहिरीला दूधही लागत असेल!"

"पाणीच लागतं, जाऊबाई. पण कमी पुरतं."

"सापकिरडू राहील त्यात," थोरला म्हणाला. "उंदीर माजतील. मग माझ्याकडं रडत येऊ नकोस."

"नाही येणार. काठी आपटत आणि पायात बूट घालून फिरेन."

"आणि कोंब कुठून वर येणार? ह्या ढिगातून?"

माहेरी तिने हे पाहिले होते. स्वतःच्या हाताने केले नव्हते. पाहणे आणि करणे यांत केवढे अंतर असते, ते तिला पुढे कळायचे होते.

त्याच दिवशी ती बांधावर बसून नवऱ्याशी फोनवर बोलली. त्याचा मोठा आवाज मलाही ऐकू येत होता.

"दादाशी भांडू नकोस. आणि पेटवूही देऊ नकोस."

"म्हणजे नेमकं काय करू?"

"ते तू बघ. मी घाटात आहे."

"तुम्ही कायम घाटातच असता," असे म्हणून तिने फोन ठेवला.

ते मधले दिवस मला आठवले की अजूनही अंग शहारते. वाळलेल्या पातीला आगीची चाहूल फार लांबून लागते. रस्त्यापलीकडच्या रानांतून धूर निघत असे, आणि प्रत्येक झुळुकीबरोबर आम्ही सगळ्या एकदम कुजबुजू लागत असू. कोणी शेजारची पात पुढे सरके, कोणी मागे. पण पळणार कुठे? एका वाऱ्याने मला उचलले आणि बांधावरच्या गवतात नेऊन अडकवले. आगीच्या बाजूला.

थोरल्याने ठरल्याप्रमाणे वारा पडण्याची वाट पाहिली. दिवस कलताना हवा थबकली. त्याने धाकटीला सांगून तिच्या बाजूची बांधालगतची सरी ओली करून घेतली होती; चुलत्याच्या दोन मुलांना हिरव्या डहाळ्या देऊन कोपऱ्यांवर उभे केले होते. त्याच्या सावधगिरीत उणे काढण्यासारखे काही नव्हते. मग त्याने पेंढी पेटवली आणि वरच्या कडेने फिरवली.

आग प्रथम रेंगाळली, मग एकाएकी उभी राहिली. तिचा आवाज पावसासारखा होता; म्हणून तर तो अधिक भयंकर वाटला. पाखरे जमली. जीव घेऊन पळणारे किडे ती हवेतच टिपत होती. जमिनीतून गांडुळे वर येत आणि तिथेच आखडून जात. मी बांधावरून सगळे पाहत होते. माणूस हात जोडून ओल मागतो आणि त्याच हाताने ओल जाळतो, हे मला त्या दिवशी दिसले.

हवा पडलेली होती. पण आग स्वतःचा वारा घेऊन येते, हे थोरला विसरला. मध्यावर एक वावटळ उठली. जळत्या पाचटाचा एक झुबका तिने उचलला आणि बांधावर टाकला. माझे टोक पेटले.

ती वेदना सांगत बसत नाही. गवताने पेट घेतला, ओल्या सरीवरून एक ठिणगी पुढे गेली आणि धाकटीच्या वाट्याच्या कोपऱ्यात ज्वाळ दिसली.

"भाऊजी, इकडं!" ती ओरडली आणि ओले पोते घेऊन धावली. तिच्यामागून थोरल्याची बायको धावली. तारेवरची ओली चादरच तिने ओढून घेतली होती. आई घमेल्याने माती टाकू लागली. थोरला बांध ओलांडून आला आणि खांद्यावरच्या टॉवेलने आग झोडपू लागला. टॉवेल त्याच्या हातातच जळाला, तरी तो थांबला नाही.

कोपरा गेला, रान वाचले. कोणाचे तरी ओले पोते बांधावरून फिरले आणि माझी आग विझली. त्या झटक्याने मी बांधाखालच्या सरीत येऊन पडले.

थोरला धापा टाकत म्हणाला, "बघ. तुझं पाचट होतं म्हणून पेटलं."

धाकटीच्या तोंडावर काजळी होती. ती म्हणाली, "तुमची आग होती म्हणून पेटलं."

आई खोकत होती. शेवटी थोरल्याची बायको चादर झटकत म्हणाली, "तुमचं दोघांचं ठरू द्या सावकाश. तारेवरच्या साऱ्या धुण्यावर राख बसलीय, ते पुन्हा कोण धुणार तेवढं आधी सांगा."

थोरल्याने जळका टॉवेल पाहिला आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचे रान धुतल्यासारखे दिसत होते. धाकटीच्या रानात आमचा थर तसाच होता. तिने पाटाचे पाणी सोडले. कोरड्या अंगात पाणी शिरले तेव्हा मी पहिल्यांदा थोडी शांत झाले. पण तिने एक चूक केली. आगीतून वाचलेले पाचट तिला इतके मोलाचे वाटू लागले की तिने ते सगळीकडे सारखे पसरले: सरीत, वरंब्यावर आणि बुडख्यांवरही. एक बोट जमीन उघडी ठेवली नाही. मायेने केले म्हणून चूक चूक राहत नाही, असे थोडेच आहे?

थोरल्याच्या काळ्या रानात कोंब आधी दिसले. हिरवे, एकसारखे, रांगेत. आमच्याकडे काही नाही. धाकटी रोज येई, काठी आपटत सऱ्यांतून फिरे, वाके आणि परत जाई. तिचे पाऊल जवळ आले की मला वाटे, हिने आता आग लावली तरी कोण दोष देईल?

थोरला बांधावरून म्हणाला, "पांघरुणात पीक झोपतं, धाकटे. उठत नाही."

त्याच्या बायकोने भर घातली, "उठवायला माहेरहून कोणी येणार असेल."

धाकटी माझ्याजवळच्या बुडख्यापाशी बसली आणि पाचट बाजूला केले. खाली कोंब होता. पण पांढराफटक, वाकडा, उजेड शोधत आडवा वळलेला. तिने दुसरा बुडखा उघडला, तिथेही तसेच. तिचे डोळे भरून आले. पहिली खुरपणी आता फार लांब नव्हती.

आई प्रार्थना आटोपून तिच्यामागे येऊन उभी राहिली होती. आजवर ती या भांडणात कोणाच्याही बाजूने बोलली नव्हती. कमरेवर हात ठेवून तिने तो पांढरा कोंब बराच वेळ पाहिला.

"लेकरू झाकताना तू काय करतेस गं?"

"म्हणजे, आई?"

"तोंडावरून घेतेस का पांघरूण?"

धाकटीने वळून त्या कोंबाकडे पाहिले.

"अंग झाकावं, तोंड उघडं ठेवावं," आई म्हणाली. "जीव गुदमरतो त्याचा." आणि गुडघे धरत खाली बसून तिने स्वतः पहिला बुडखा मोकळा केला.

त्या दोघींनी पुढचे दिवस हेच काम केले. बुडख्यांवरचे पाचट उचलायचे आणि सरीत दाबायचे. जे बुडखे उंच राहिले होते, ते कोयत्याने जमिनीलगत छाटायचे. माझे दाते त्यांच्या हातांना लागले, रक्तही आले. तरी कोणी मला शिवी दिली नाही. मला सरीच्या तळाशी ओल्या मातीवर ठेवून वरून पायाने दाबले गेले. इतक्या वर्षांत पानांच्या वाट्याला आगीऐवजी जागा आली, ती अशी.

कोंबांना ऊन लागले. आधी पिवळे झाले, मग पोपटी. पण थोरल्याचे कोंब वीतभर पुढेच होते. खुरपणी जवळ येत होती आणि धाकटीची झोप उडाली होती, हे तिच्या चालण्यावरूनच कळे.

मग कालव्याचे पाणी बंद झाले. दरवाजा नादुरुस्त झाल्याचे सांगत होते. आज येईल, उद्या येईल, असे करता करता पाण्याची पाळी चुकली. ऊन तर वाढतच होते. थोरल्याच्या उघड्या रानाला आधी बारीक भेगा पडल्या, मग त्यांत बोट जाऊ लागले. कोंबांचे शेंडे वळले, कडा करपल्या. ज्या जमिनीला त्याने धुतल्यासारखे केले होते, तिच्या अंगावर झाकायला काही उरले नव्हते.

आमच्याकडे ऊन वरच्या थरावर तापे. खाली पोहोचत नसे. मी तळाशी होते. माझ्याखालून एक गांडूळ गेले, मग दुसरे. माझे जळके टोक तसेच राहिले. जळालेल्याला कुजता येत नाही. पण दुसरे टोक मऊ झाले, सुटले, माती झाले. वरच्या कोंबाचे एक बारीक पांढरे मूळ चाचपडत येऊन माझ्यात शिरले.

एका दुपारी थोरला एकटाच बांध उतरून आला. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून तो सरीत बसला आणि पाचटाखाली हात घातला. त्याच्या बोटांना मी लागले. त्याने मला वर काढले.

पुष्कळ वेळ तो मला पाहत होता. एका टोकाची काजळी त्याच्या अंगठ्याला लागली. ती आग कोणाची होती, हे त्याला सांगावे लागले नसते. दुसऱ्या टोकाची ओली माती त्याच्या तळहाताला लागली. त्याने ती चोळून पाहिली, मग नाकाशी नेली. नंतर मला पुन्हा होती तिथेच ठेवले आणि वरून पाचट सारखे केले. टापटिपीचा माणूस, तेही त्याने नीट केले.

उठून पाहतो तो बांधावर धाकटी उभी.

"ओल आहे," तो म्हणाला.

"आहे."

"बुडख्यांची तोंडं उघडी ठेवायची, एवढंच ना?"

"एवढंच. बुडखे जमिनीलगत छाटायचे. आणि पहिलं पाणी भरपूर द्यायचं. आणि पाचट सरीत दाबून बसवायचं."

"म्हणजे एवढंच नाही."

"नाही," म्हणून ती हसली. त्यालाही हसू आले, पण त्याने ते खाकरण्यात घालवले.

पहिल्या खुरपणीला आई बांधावर आली. धाकटीचे कोंब अजूनही थोरल्याच्यापेक्षा थोडे आखूडच होते, पण एकही वाळला नव्हता. आईने थोरल्याकडे पाहिले. रान पाहण्याआधीच तो बोलला.

"वाटा तिचा."

"पाहा तरी एकदा," आई म्हणाली.

"पाहिलंय."

त्याने क्षमा मागितली नाही. काही माणसांना शब्दांपेक्षा काम सोपे जाते. त्याच आठवड्यात रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याची उशिराची तोडणी संपली, तेव्हा थोरला गाडी जुंपून त्याच्याकडे गेला. परत आला तो पाचट भरून. ते तो आपल्या भेगाळलेल्या सऱ्यांत पसरू लागला, बुडखे मोकळे ठेवून. शेजारी मागून ओरडला, "अरे, झाडूवाले दादा आता केर मागत फिरायला लागले!"

"केर नाही तो," थोरला मान न वळवता म्हणाला. "उरलेलंही ठेव माझ्यासाठी. येतो पुन्हा."

दुसऱ्या खेपेला तो गेला तेव्हा तिकडून धूर निघत होता. शेजाऱ्याला घाई झाली होती. थोरला रिकामी गाडी घेऊन परतला, बांधावर बसला आणि धूर संपेपर्यंत उठला नाही.

तो धूर मी अजून विसरू शकत नाही. या रानात मला जागा मिळाली. तिकडे माझ्यासारख्या असंख्य पाती होत्या, आणि फक्त एका खेपेचे अंतर होते. म्हणून हा उरलेला वीतभर देह स्वस्थ राहत नाही.

शेतकरी बांधवांनो, भगिनींनो, तुमचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. तुमच्या हातांवरचे ओरखडे माझेच आहेत. पाचट त्रास देते हे खरे. तोडणीनंतर जीव थकलेला असतो, हेही खरे. पण जे आपल्याच मुळाशी पडायला दिले आहे, त्याला राख करू नका. एका सरीपासून सुरुवात करा. उचलणे शक्य नसेल तर जो नेतो त्याला द्या. पेटवण्याआधी निदान एकदा खाली बसा, पाचटाखाली हात घाला आणि बोटांना काय लागते ते पाहा.

माझी निरोप घेण्याची वेळ आली आहे. त्या पांढऱ्या मुळाने माझा बराचसा भाग वर नेला आहे. उद्या सकाळी आई रानाच्या कडेला हात जोडून ओल मागेल, तेव्हा समोर जे नवे पान हलेल, त्यात थोडी मी असेन. काळे टोक तेवढे सरीतच राहील. ते कोणाच्या हाताला लागले, तर फेकू नका. दोन बोटांत धरून पाहा, आणि मग बांधापलीकडे कुठे धूर निघतो आहे का, ते बघा.